खोट्या बिल्ल्यापासून खऱ्या ठशापर्यंत : नवाहो चांदी आणि पिरोजा

१/२१
१८६० च्या दशकाचा उत्तरार्ध. न्यू मेक्सिकोत पेकोस नदीकाठच्या उजाड माळावर हजारो माणसे लष्कराच्या पहाऱ्यात दिवस काढत होती. शिधा तिकिटावर मिळे. तिकिटे पुठ्ठ्याची होती तेव्हा कैद्यांनी त्यांची हुबेहूब नक्कल केली. लष्कराने ठसा मारलेले धातूचे बिल्ले आणले, तर कैद्यांतील लोहारांनी तेही पाडले. शेवटी अधिक किचकट नक्षीचे बिल्ले थेट वॉशिंग्टनहून मागवावे लागले. भुकेने शिकवलेली ही कारागिरी. पुढे याच समाजाच्या दागिन्यांना जगभर मागणी आली, आणि मग नकला करण्याची पाळी जगाची होती. या उलट्या फेऱ्याची ही हकिगत.

२/२१
हे लोक म्हणजे नवाहो. ते स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणजे ‘माणसे’. त्यांची भाषा अथाबास्कन कुळातील असून तिच्या बहिणी दूर उत्तरेला, कॅनडा आणि अलास्कात बोलल्या जातात. आज ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेली त्यांची राखीव भूमी सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरची आहे. अमेरिकेतील ही सर्वांत मोठी आदिवासी राखीव भूमी. लाल खडकांचे कडे, विरळ गवत, मेंढ्यांचे कळप आणि मैलोगणती मोकळे आकाश असा हा प्रदेश.

३/२१
आपल्याकडे ज्याला पिरोजा म्हणतात, तो निळा-हिरवा दगड या भूमीत फार जुना. तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे जलयुक्त फॉस्फेट ही त्याची रासायनिक ओळख. तांब्यामुळे निळाई येते, लोहाचा अंश वाढला की रंग हिरवटाकडे झुकतो. कोरड्या प्रदेशात, तांब्याच्या खनिजांच्या आसपास, खडकाच्या भेगांत तो साचतो. म्हणूनच त्याच्या अंगावर तपकिरी-काळ्या शिरांची जाळी दिसते. ती मूळ खडकाची खूण. मराठीतला ‘पिरोजा’ फारसीतून आला, तर युरोपीय भाषांनी या दगडाला ‘तुर्की’ ठरवले. दिने भाषेत मात्र त्याला स्वतःचे नाव आहे : ‘डोटलिझी’.

४/२१
नवाहो सोनारकामाच्या कितीतरी आधी प्वेब्लो लोक पिरोजा खणत होते. सांता फेजवळच्या सेरियोस टेकड्यांत त्यांच्या दगडी हत्यारांनी खोदलेल्या खाणी आहेत. चाको दरीतील प्वेब्लो बोनितो या ९ व्या ते १२ व्या शतकांतील भव्य वास्तूत पिरोजाचे हजारो मणी आणि तुकडे सापडले. नवाहोंना हा दगड शेजाऱ्यांकडून देवाणघेवाणीत मिळे. म्हणजे नवाहो दागिन्यातील दोन घटकांची वये फार निराळी आहेत. दगड प्राचीन, चांदी अवघ्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांची.

५/२१
नवाहो विश्वात पिरोजाला धर्माचे अधिष्ठान आहे. त्यांच्या मातृभूमीच्या चार दिशांना चार पवित्र पर्वत उभे आहेत आणि प्रत्येकाशी एक मौल्यवान द्रव्य जोडलेले आहे. पूर्वेच्या ब्लँका शिखराशी पांढरा शिंपला, दक्षिणेच्या माउंट टेलरशी पिरोजा, पश्चिमेच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांशी अबलोनी शिंप आणि उत्तरेच्या हेस्पेरसशी काळा जेट. मुलगी वयात आल्यावर होणाऱ्या ‘किनाल्डा’ विधीत ती पिरोजा लेऊन पहाटे पूर्वेकडे धावते. अंगावर पिरोजा असला की पवित्र शक्ती आपल्या माणसाला ओळखतात, अशी श्रद्धा आहे.

६/२१
चांदीही त्यांना अपरिचित नव्हती. मेक्सिकन स्वारांच्या घोड्यांचे लगाम, पाटलोणीच्या शिवणीवरची डाळिंबाच्या आकाराची बटणे, शेजारच्या टोळ्यांचे पट्टे यांतून ती व्यापाराने आणि लुटीने नवाहोंकडे येत असे. परंतु ती घडवण्याची विद्या त्यांच्याकडे नव्हती. ती विद्या आणणाऱ्यांत परंपरेने पहिले नाव घेतले जाते ते अत्सिदी सानी याचे. या नावाचा अर्थच मुळी ‘म्हातारा लोहार’. मेक्सिकन त्याला ‘एरेरो’ म्हणत. त्याचाही अर्थ लोहारच.

७/२१
१९३० च्या दशकात जॉन अडेर या मानवशास्त्रज्ञाने ग्रे मुस्टॅश नावाच्या वृद्ध कारागिराकडून अत्सिदी सानीची हकिगत टिपून घेतली. अत्सिदी सानीने एका मेक्सिकन कारागिराकडून लोखंडकाम शिकले. त्यामागचा हिशेब साधा होता. नवाहो लोक लगाम मेक्सिकनांकडून विकत घेत. ते आपण घडवले तर आपले लोक आपल्याकडून घेतील. १८५३ मध्ये सरकारी प्रतिनिधी हेन्री डॉज यानेही नवाहो मुलखात एक लोहार आणला होता. चांदीकाम नेमके कधी सुरू झाले, बंदिवासाआधी की नंतर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रे मुस्टॅशच्या सांगण्यानुसार ते नंतरच.

८/२१
तो बंदिवास समजून घेतल्याशिवाय या दागिन्यांचे वजन कळत नाही. १८६३-६४ मध्ये किट कार्सनच्या नेतृत्वाखालील सैन्याने नवाहोंची पिके जाळली, जनावरे मारली, विहिरी-पाणवठे नासवले. कॅन्यन डी शे या दरीतील पीचच्या बागा तोडून टाकल्या. उपासमारीने लोक शरण आले. त्यांना तांड्यातांड्यांनी सुमारे ५०० किलोमीटर चालवत फोर्ट समनरला नेण्यात आले. वाटेत जे चालू शकले नाहीत, ते मागे राहिले. इतिहासात या पायपिटीला ‘लाँग वॉक’ म्हणतात. त्या छावणीला नवाहो भाषेत नाव आहे ‘हवेल्डी’, दुःखाची जागा.

९/२१
छावणीत आठ हजारांहून अधिक माणसे कोंबली होती. नदीचे पाणी खारट. मक्याचे पीक अळीने वर्षामागून वर्ष खाल्ले. सरपणासाठी मैल न् मैल तंगडतोड. चार वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे दगावल्याचे मानले जाते. सुरुवातीला सांगितलेले खोटे बिल्ले याच काळातले. लष्करी दप्तरात तो गुन्हा होता. तो करणाऱ्या लोहाराच्या दृष्टीने एक जादा बिल्ला म्हणजे एका घरचा एक जादा घास. ठसा पाडण्यातील अचूकता किती मोलाची असू शकते, याचा धडा त्याला याहून कठोरपणे कोणी दिला नसता.

१०/२१
१ जून १८६८ रोजी करार झाला. सरकारच्या बाजूने जनरल शर्मन, नवाहोंच्या बाजूने बार्बोन्सितो आणि इतर नायक. विस्थापित जमातींपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आले ते नवाहोंना मिळाले : आपल्याच भूमीत परतण्याची परवानगी. करारात १५,००० मेंढ्या-बकऱ्या देण्याचे कलम होते. घरे पडलेली, बागा तोडलेल्या, कळप संपलेले. शून्यातून उभारलेल्या या संसारात लोकर, विणकाम आणि चांदीकाम हे तीन आधार झाले. अत्सिदी सानीने आपल्या मुलांना विद्या दिली, त्यांनी इतरांना, आणि एका पिढीत भाते ठिकठिकाणी फुंकले जाऊ लागले.

११/२१
त्या काळचे कारखाने कसे होते, याचे तपशीलवार वर्णन वॉशिंग्टन मॅथ्यूज या लष्करी डॉक्टराने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात केले. मातीने भरलेली भट्टी, बकरीच्या कातड्याचा भाता, हाती लागेल त्या लोखंडाच्या तुकड्याची ऐरण, भाजलेल्या मातीची मूस, डाख देताना टाकणखार आणि फुंकणी. घडवलेली वस्तू उजळण्यासाठी तुरटीयुक्त खनिजाच्या पाण्यात उकळत. कच्चा माल म्हणजे अमेरिकन आणि मेक्सिकन नाणी. एका सार्वभौम सत्तेची मुद्रा मुशीत वितळायची आणि तिथून माळेचा मणी व्हायचा.

१२/२१
मणी कसा होई, हे पाहण्याजोगे आहे. लहान नाणे ठोकून पातळ करायचे, लोखंडातील खोलगट साच्यात दाबून अर्धगोल पाडायचा, मधोमध भोक पाडायचे, दोन अर्धगोल डाखाने जोडायचे, मग सांधा दिसेनासा होईपर्यंत कानस मारायची. अशा पन्नास-साठ मण्यांची एक माळ. ओतकामाची रीत निराळी. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाचे दोन सपाट तुकडे घ्यायचे, एकात आकृती कोरायची, धातू चिकटू नये म्हणून काजळी धरायची, तुकडे बांधून चांदी ओतायची. दगड काही ओतकामांत तडकतो. मग पुन्हा कोरणे आले.

१३/२१
नक्षीसाठी ठसे लागत. मेक्सिकन चर्मकार कातड्यावर जे ठसे उठवत, ते पाहून नवाहो कारागिरांनी भंगार लोखंडातून स्वतःचे ठसे घडवले. अर्धचंद्र, किरण, छोटे त्रिकोण अशा मोजक्या खुणा, पण त्यांच्या जुळणीतून अगणित रचना उभ्या राहतात. ‘स्क्वॉश ब्लॉसम’ या प्रसिद्ध हाराची वंशावळही अशीच मिश्र आहे. त्यातील ‘फुले’ स्पॅनिश डाळिंब-बटणांवरून आली. खाली लोंबणारा अर्धचंद्र म्हणजे ‘नाहा’. तो मूरांकडून स्पॅनिश घोड्यांच्या लगामावर आणि तिथून नवाहो गळ्यात उतरला. जेत्याच्या घोड्याच्या कपाळावरचे भूषण जितांनी आपलेसे केले.

१४/२१
मग दगड आणि चांदी एकत्र कधी आली? अडेरने नोंदवलेल्या परंपरेनुसार अत्सिदी चोन या कारागिराने १८७८ च्या सुमारास चांदीत पहिल्यांदा पिरोजा बसवला. त्याआधी त्याने लान्याडे या झुनी माणसाला चांदीकाम शिकवले होते. लान्याडेने पुढे होपींना. एका लोहाराची विद्या अशी तीन समाजांत गेली आणि तीन वळणे घेऊन रुजली. झुनी कारागीर बारीक खड्यांची दाट मांडणी करतात. होपी कारागीर एका पत्र्यावर कापीव नक्षीचा दुसरा पत्रा चढवतात. नवाहो हात चांदीला भरघोस ठेवतो आणि दगडाला जागा देतो.

१५/२१
कोंदणाचे काम संयमाचे. दगड घासून त्याला वळण द्यायचे, त्याच्या कडेने चांदीची पातळ पट्टी उभी करून ती पायपत्र्याला डाखायची, तळाशी लाकडाच्या भुशाचा थर घालायचा आणि दगड बसवून पट्टीची कड हळूहळू आत दाबायची. भुसा गादीचे काम करतो. धक्का बसला तर दगड फुटत नाही. पिरोजा तसा मऊ दगड. काठिण्यमापनावर तो ५ ते ६ च्या दरम्यान येतो. घाम, तेल, उष्णता यांनी त्याचा रंग पालटतो. वर्षानुवर्षे अंगावर राहिलेला दगड थोडा हिरवट होतो. तो वापरणाऱ्याचा काळ आपल्यात साठवतो.

१६/२१
बँक नसलेल्या मुलखात दागिना हीच तिजोरी होती. १८७८ मध्ये गनाडोचे व्यापारी ठाणे घेणाऱ्या जॉन लोरेन्झो हबेल याच्यासारख्या व्यापाऱ्यांकडे नवाहो कुटुंबे हार, पट्टे, कंकणे गहाण ठेवीत आणि पीठ, कॉफी, कापड नेत. वसंतात लोकर किंवा शरदात कोकरे विकली की गहाण सोडवीत. विधीसमारंभाच्या वेळी व्यापारी गहाणाचा दागिना तेवढ्यापुरता परत देत. विधी झाला की तो पुन्हा त्याच्या खुंटीवर. परस्परविश्वासाचा हा व्यवहार होता, तशी पिळवणूकही होती. न सुटलेला दागिना ‘मृत गहाण’ ठरून विकला जाई. आज संग्रहालयांत ज्यांचे कौतुक होते, त्यांतील कित्येक वस्तू अशा कुणाच्या तरी दुष्काळी वर्षात हातातून सुटलेल्या आहेत.

१७/२१
१८८०-८१ मध्ये रेल्वे आली आणि तिच्याबरोबर प्रवासी. हॉटेले चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीच्या हर्मन श्वाइट्झर याने १८९९ च्या सुमारास कारागिरांना चांदी आणि कापलेले पिरोजे पुरवून हलके दागिने करवून घेण्यास प्रारंभ केला. नवाहोंना जड कंकण हवे होते, कारण वजन म्हणजे पत. प्रवाशाला हलके हवे होते, कारण ते आठवण म्हणून न्यायचे होते. बाण, गरुड अशी ‘इंडियन’ वाटणारी चिन्हे याच मागणीतून वाढली. कारागिराला रोकड मिळाली. पण नक्षी कोणती असावी, हे आता दूरचा गिऱ्हाईक ठरवू लागला.

१८/२१
त्या नक्षींत एक भारतीय वाचकाला चटकन ओळखू येईल अशी होती. नवाहो परंपरेतील ‘फिरत्या ओंडक्यां’चे चिन्ह दिसायला स्वस्तिकासारखेच. ते एका उपचार-विधीच्या कथेतून आले होते आणि पर्यटकांसाठीच्या चांदीवर मुबलक वापरले जाई. जर्मनीत नाझींनी स्वस्तिक आपले निशाण केले. फेब्रुवारी १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाचे आणि पापागो प्रतिनिधींनी एका ठरावावर सह्या करून हे चिन्ह आपल्या विणकामात आणि दागिन्यांत वापरणार नाही, असे जाहीर केले. दुसऱ्यांनी विटाळलेल्या खुणेपायी त्यांनी आपली जुनी खूण बाजूला ठेवली.

१९/२१
त्याच सुमारास दोन आघात झाले. १९३३ पासून सरकारने जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली नवाहोंचे कळप सक्तीने घटवले. मेंढ्या, बकऱ्या, घोडे मारले गेले. चांदीकामावरचे पोट आणखी वाढले. आणि नेमक्या याच वेळी शहरांतील कारखाने यंत्राने छापलेले ‘इंडियन’ दागिने स्वस्तात विकत होते. केंद्रीय व्यापार आयोगाला त्याविरुद्ध कारवाई करावी लागली. १९३५ मध्ये इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्ड स्थापन झाले. १९४१ मध्ये नवाहोंचा स्वतःचा कारागीर संघ उभा राहिला. त्याची धुरा सांभाळणारे अम्ब्रोस रोनहॉर्स स्वतः कसलेले कारागीर आणि शिक्षक होते.

२०/२१
१९७० च्या दशकात पिरोजाची लाट आली, मागणी भडकली आणि नकलांचा पूर लोटला. रंगवलेला दुसराच दगड, राळेत बांधलेली भुकटी, परदेशी कारखान्यांतला माल. १९९० च्या कायद्याने परक्या वस्तूला ‘आदिवासी निर्मित’ म्हणणे हा गंभीर गुन्हा ठरवला; पहिल्याच गुन्ह्यासाठी व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी २०१८ मध्ये अल्बुकर्कमधील एका जवाहिऱ्याला शिक्षा झाली ती फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने आदिवासींचे म्हणून विकल्याबद्दल. खोट्या मालामुळे खऱ्याचा भाव पडतो. महिनाभर ठोकून घडवलेल्या हाराची किंमत मागताना कारागिराला आपल्याच वस्तूची साक्ष द्यावी लागते. दगडही दुर्मीळ होत आहे. बिस्बीची तांब्याची उघडी खाण १९७४ मध्ये थांबली. स्वच्छ आकाशी रंगासाठी नावाजलेल्या स्लीपिंग ब्युटीतील पिरोजा २०१२ मध्ये बंद झाला.

२१/२१
तरीही भट्टी विझलेली नाही. आरंभी पुरुषांपुरते असलेले हे काम आज स्त्रियाही तितक्याच अधिकाराने करतात. कित्येक घरांत आजोबांनी लोखंडातून घडवलेले ठसे नातीच्या हातोडीखाली आहेत. जुने कारागीर वस्तूवर नाव घालत नसत. गाव ओळखत होते, तेवढे पुरे होते. ओळखणारे गाव पुरेसे उरले नाही तेव्हा कंकणाच्या आतल्या बाजूला, मनगटाला टेकेल तिथे, कारागिराचा स्वतःचा लहानसा ठसा येऊ लागला. फोर्ट समनरच्या बिल्ल्यावर ठसा होता तो पहारा देणाऱ्यांचा, आणि जगण्यासाठी त्याची नक्कल करावी लागली. कंकणाच्या आतला हा ठसा घडवणाऱ्याचा आहे. दागिना हाती आला तर आधी उलटा करून पाहावा.
(समाप्त)